‘जित्राबांचा दवाखाना’ : लांडगा, मेंढरं आणि पंचनाम्याचा कागद

या सदरात एरवी आंत्रविषार, लाळ्या-खुरकूत, दुभत्या म्हशीचा कासदाह असे प्रश्न येतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्मी लांडग्यांबद्दल आहेत. काही मेंढपाळांची, काही शहरातल्या वाचकांची. दोन्हीकडची माणसं रागावलेली आहेत आणि दोघांचा राग मला समजतो. माझे वडील माणदेशात मेंढरं राखायचे. मी पशुवैद्य झालो आणि एकतीस वर्षं माण, आटपाडी, जत या तालुक्यांत नोकरी केली. लांडग्यानं मारलेली जितराबं मी हातानं सोलून तपासली आहेत आणि लांडगेही पाहिले आहेत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून आज एवढंच घेतो.

प्रश्न : गेल्या महिन्यात आमच्या मेंढवाड्यावरची चार कोकरं एका रात्रीत गेली. पोरगा मोबाईलवर दाखवतो, युरोपात लांडगे वाढले म्हणून तिथल्या सरकारांनी मारायची मोकळीक दिली. मग आपल्याच लांडग्याला एवढा कडक कायदा कशाला? आमच्याकडं काय लांडगे वाढले नाहीत?
— एक मेंढपाळ, आटपाडी तालुका

उत्तर : दादा, चार कोकरं म्हणजे काय, ते मला कागदावर मांडून दाखवायला नको. चार महिन्यांनी आटपाडीच्या बाजारात त्यांचे जे पैसे झाले असते, त्यात पोराची फी होती, बी-बियाणं होतं, कुणाची तरी उसनवारी फिटणार होती. त्यामुळं ‘लांडगा निसर्गाचा रक्षक आहे’ हे वाक्य मी तुम्हाला ऐकवणार नाही.

पोरानं दाखवलं ते खरं आहे. युरोपीय संघाच्या देशांत २०२३ साली वीस हजारांवर लांडगे मोजले गेले आणि दरवर्षी साधारण ६५ हजार जनावरं लांडगे मारतात, असा तिथल्या आयोगाचा अंदाज आहे. त्यात बहुतेक शेळ्या-मेंढ्याच. युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांचं स्वतःचं तट्टूही २०२२ मध्ये जर्मनीत लांडग्यानं मारलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये बर्न करारातल्या, म्हणजे वन्यजीव राखण्यासाठी युरोपात झालेल्या करारातल्या देशांनी लांडग्याला ‘कडक संरक्षित’ यादीतून काढून ‘संरक्षित’ यादीत टाकलं. मार्च २०२५ पासून ते लागू झालं आणि मग संघानं आपला कायदाही बदलला. याचा अर्थ कुणीही उठावं आणि गोळी घालावी असा नाही. लांडग्याची संख्या धोक्याच्या पातळीखाली जाणार नाही, ही जबाबदारी प्रत्येक देशावर आहेच. पण मारण्याची परवानगी देणं आता त्यांना सोपं झालं आहे.

मी त्या निर्णयाला सरसकट चूक म्हणत नाही. तिथली गोष्ट वेगळी आहे. जर्मनीत लांडगा दीडशे वर्षं जवळजवळ नव्हताच, २००० साली तिथं पुन्हा पिल्लं जन्मली. फ्रान्समध्ये तो इटलीतून चालत १९९२ मध्ये परत आला. मधल्या तीन-चार पिढ्यांत तिथला मेंढपाळ राखण विसरला. मेंढरं डोंगरावर सोडायची आणि घरी येऊन झोपायचं, अशी रीत पडली. अशा माणसाच्या दारात अचानक लांडगा उभा राहिला, तर तो हादरणारच.

आपल्याकडं लांडगा कधी गेलाच नव्हता आणि तुम्ही राखणही कधी सोडली नव्हती. वाघर म्हणजे कळपाभोवतीची जाळी लावणं, वाड्याच्या चार कोपऱ्यांना कुत्री, आळीपाळीनं जागणं हे तुमच्या आज्यानं कुणाच्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्या राखणीला आज भगदाडं पडली आहेत, आणि ती का पडली हे तुम्हीच मला जास्त चांगलं सांगाल. घरातली पोरं शिकायला किंवा सोन्या-चांदीच्या गलाई कामाला परमुलखात गेली, वाड्यावर दोन म्हातारी माणसं उरली. दोनशे बकऱ्यांमागं पूर्वी पाच माणसं असायची.

आता संख्येचं बघा. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये मांडलेला अंदाज असा, की साऱ्या देशात आपले लांडगे सुमारे ३,१०० आहेत. म्हणजे वाघांपेक्षाही कमी. युरोपात वीस हजार, इथं अख्ख्या देशात तीन हजार. आणि हा लांडगा युरोपातल्यासारखा नाही. अंगानं लहान, वीस किलोच्या आसपास, उन्हाला सोसणारा, माळावर राहणारा. त्याची वंशावळ जगातल्या फार जुन्या लांडग्यांमध्ये मोडते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं २०२५ मध्ये त्याची पहिल्यांदा स्वतंत्र नोंद केली ती ‘असुरक्षित’ म्हणून. आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच पंक्तीला. मारला तर तीन ते सात वर्षं कैद.

मग तुम्हाला तो वाढलेला का दिसतो? मला वाटतं, तो वाढला नाही, त्याची जागा आकसली. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं, उरमोडीचं आलं, जिहे-कठापूरचं आलं. चांगलंच झालं. ज्या गावानं चाळीस वर्षं टँकर पाहिले, तिथं डाळिंब आणि ऊस आला तर कुणाला वाईट वाटेल? पण ते पाणी ज्या कुसळीच्या माळावर आलं, तोच लांडग्याचा माळ होता. कागदोपत्री त्याला पडीक म्हणतात. त्यावर ससा होता, चिंकारा होता, लांडग्याची ढोली होती आणि तुमची चराईही होती. तुम्ही दोघंही एकाच वेळी त्या माळावरून उठवले गेलात आणि उरलेल्या पट्ट्यात रोज समोरासमोर येता. त्यात पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकतात. त्या वासावर कुत्री, तरस, लांडगा सगळे गावाच्या कडेला जमतात. आणि आता प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. पूर्वी पहाटे एकट्या गुराख्याला दिसलेला लांडगा आज सकाळी नऊच्या आत दहा गावांना दिसतो.

तुमच्या चार कोकरांचं उत्तर यात नाही, हे मला कळतं. ते शेवटच्या प्रश्नात लिहिलं आहे, तेवढं जरूर वाचा.

प्रश्न : अमेरिकेत लांडग्यांची शिकार करून संख्या आटोक्यात ठेवतात, असं वाचलं. तसं मर्यादित प्रमाणात केलं तर जनावरांचं नुकसान कमी होत नाही का? भावना बाजूला ठेवून शास्त्रीय उत्तर हवं आहे.
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : शास्त्रातच यावर एकमत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलं, की लांडगे मारल्यावर पुढच्या वर्षी जनावरांवरचे हल्ले काही प्रमाणात वाढलेलेच दिसले. तीच आकडेवारी दुसऱ्यांनी वेगळ्या पद्धतीनं मोडून पाहिली आणि उलटा निष्कर्ष काढला. हल्ले करणारा नेमका कळप काढला तर तेवढ्यापुरता फरक पडतो, हे बऱ्याच जणांना मान्य आहे. कुठलाही लांडगा मारून फरक पडतो, याला मात्र आधार फार थोडा आहे.

त्याचं कारण लांडग्याच्या घरात आहे. कळपात साधारणपणे एकाच जोडीला पिल्लं होतात आणि बाकीची मागच्या सालची पोरं असतात. शिकार शिकवणारी जोडीच. ती मेली, की अर्धवट वयाची पोरं चौफेर पांगतात. ससा किंवा चिंकारा पाठलाग करून पकडणं त्यांना अजून जमत नाही. बांधलेलं करडू जमतं. दुसरं असं, की एक कळप आपल्या हद्दीत दुसऱ्याला येऊ देत नाही. ती हद्द मोकळी झाली, की शेजारचे शिरतात आणि त्यांना तुमच्या कुत्र्यांची दहशत ठाऊक नसते.

‘मर्यादित प्रमाणात’ हा तुमचा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. विस्कॉन्सिनमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये शिकाऱ्यांना ११९ लांडग्यांची मर्यादा घालून दिली होती. तीन दिवस पुरे व्हायच्या आत २१८ मारले गेले. तिथं परवाने आहेत, नोंदणी आहे, मोजणारा विभाग आहे. तरी हे झालं. आपल्याकडं माळावर कोण मोजणार?

इतिहासही आपलाच आहे. इंग्रजांच्या काळात लांडग्याच्या मुंडक्यावर बक्षीस होतं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात दोन लाखांच्या आसपास लांडगे बक्षिसासाठी मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा हिशोब आहे. त्यानंतरही माझे आजोबा रात्रभर जागतच होते.

अमेरिकेतली एक गोष्ट मात्र तुम्ही जरूर वाचा. कोलोरॅडोत लांडगे परत आणावेत का, यावर २०२० मध्ये लोकांचं मतदान झालं आणि अगदी थोड्या फरकानं ‘आणावेत’ असा कौल आला. मतं प्रामुख्यानं शहरांतून पडली. डिसेंबर २०२३ मध्ये पहिले दहा लांडगे सोडले ते पश्चिमेच्या डोंगराळ भागात, जिथं गुरं पाळणारे राहतात. त्यांचा राग लांडग्यापेक्षा मत देणाऱ्यांवर जास्त आहे. कराड-सांगलीत बसून लांडग्याच्या बाजूनं बोलणाऱ्या आपण सगळ्यांनी, मीही त्यात आलो, हे विसरता कामा नये. आपलं एकही करडू जात नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत वस्तीवरची मुलं दोन-अडीच किलोमीटर माळ तुडवत येतात. उत्तर प्रदेशात लांडग्यांनी मुलं उचलली, हे ऐकल्यापासून पालक घाबरलेत. मी त्यांना काय सांगू?
— एक शिक्षिका, माण तालुका

उत्तर : ताई, ऐकलं ते खोटं नाही. बहराइच जिल्ह्यात २०२४ मध्ये लांडग्यांनी लहान मुलं मारली. वन खात्यानं पाच लांडगे पकडले. १९९६ मध्येही पूर्व उत्तर प्रदेशात असंच झालं होतं. त्या घटना बहुतेक रात्रीच्या किंवा तिन्हीसांजेच्या, उघड्यावर किंवा दार नसलेल्या घरात झोपलेल्या लहानग्यांच्या. आपल्या तालुक्यांत माझ्या एकतीस वर्षांत असं एकही प्रकरण माझ्यासमोर आलं नाही. तरी पालकांना ‘काही होत नाही’ असं सांगू नका. दिवसाउजेडी, तीन-चार मुलं मिळून, मोठ्या मुलासोबत चाला, असं सांगा. लांडगा दिसला तर पळायचं नाही. एकत्र उभं राहून ओरडायचं, हळूहळू मागं सरायचं.

लांडग्यापेक्षा मला भीती वाटते ती पिसाळण्याची. पिसाळलेला लांडगा दिवसा गावात शिरतो, समोर येईल त्याला चावत सुटतो, आणि बहुतेक वेळा चेहऱ्याला चावतो. असं कुणाला झालं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना. हळद-चुना काही भरायचं नाही. लशीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन मागून घ्यायचं. उपकेंद्रात ते नसेल तर सिव्हिलला जायचं, त्याच दिवशी. हे तुम्ही मुलांकडून पाठ करून घेतलंत, तर कुत्रं चावण्याच्या वेळीही उपयोगी पडेल, आणि ती वेळ कितीतरी जास्त वेळा येते.

प्रश्न : आमच्याकडं पिवळसर, कुत्र्यासारखे दिसणारे लांडगे फिरतात. हे खरे लांडगेच का?
— एक वाचक, फलटण

उत्तर : न तपासता सांगता येत नाही. पण शंका रास्त आहे. पुण्याजवळ अशाच वेगळ्या रंगाच्या एका जनावराचे नमुने तपासले, तेव्हा ते लांडगा आणि कुत्रा यांचा संकर निघालं. उकिरड्यावर पोसलेली मोकाट कुत्री माळावर वाढली, की हे होणार. त्यांच्याकडून लांडग्यांत डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोगही जातो. गावातल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं, तर मेंढपाळ आणि लांडगा दोघांचंही भलं होईल. रात्री मेंढरं फाडणाऱ्यांत मोकाट कुत्र्यांचा वाटा लोक समजतात त्याहून खूप मोठा आहे.

प्रश्न : नाव छापू नका. आमच्या भागात काही लोक मेलेल्या बकरीत औषध घालून माळावर ठेवतात. लांडगा कमी होतो म्हणतात. हे बरोबर आहे का?
— जत तालुका

उत्तर : नाही. आणि तुम्ही विचारलंत, याचा अर्थ तुम्हालाही ते बोचतं आहे.

मी माणमध्ये असताना एका पहाटे एक मेंढपाळ मोटारसायकलवर कुत्रा घेऊन आला. घोंगड्यात गुंडाळलेला, मागं बसलेल्या बायकोच्या मांडीवर. तोंडातून फेस आणि लाळेची तार लोंबत होती. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. कातडीखाली मांस असं फडफडत होतं, जसं उथळ पाण्यावर वारं फिरावं. कीटकनाशकाची विषबाधा. त्यावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिन दिलं, पुन्हा दिलं, दवाखान्यात जेवढं होतं तेवढं सगळं दिलं. बाई त्याच्या कानाशी तोंड नेऊन त्याला हाका मारत होती. उजाडता उजाडता तो गेला. शेजारच्या शिवारात कुणीतरी कोकराच्या पोटात विष भरून ठेवलं होतं. लांडगा त्याला शिवला की नाही, कुणाला कळलं नाही.

त्या वाड्यावर तो एकच जाणता कुत्रा होता. बाकीची दोन पिल्लं होती. आठ दिवसांत लांडगा आला आणि तीन मेंढ्या घेऊन गेला. लांडगा मारायला ठेवलेल्या विषानं लांडग्याची वाट मोकळी केली. तेच विष घारीला लागतं, तरसाला लागतं, ओढ्यातून जनावरांच्या पाण्यात येतं. पिल्लांच्या ढोलीत धूर घालण्याचंही तसंच. ती पिल्लं थंडीत जन्मतात आणि डोळेही उघडलेले नसतात तेव्हा लोक हे करतात. मी ते पाहिलं आहे आणि त्याबद्दल जास्त लिहवत नाही. तुम्हाला ठेवणारे ठाऊक असतील, तर वनरक्षकाला सांगा. त्यांच्याशी बोलता येत असेल, तर आधी हे पत्र त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न : माझे मालक आणि मी दिवाळीनंतर बकरी घेऊन घाटाखाली जातो. वाटेत दोन मेंढ्या लांडग्यानं मारल्या. अर्ज केला तर म्हणतात उशीर झाला, मेंढी जागेवर नव्हती, कुत्र्यानं मारली असेल. भरपाई खरंच मिळते का, का नुसतंच सांगतात?
— एक मेंढपाळ महिला, कवठेमहांकाळ तालुका

उत्तर : मिळते, बाई. पण ज्या माणसाचं घर रोज पुढं सरकतं, त्याच्यासाठी तो नियम लिहिलेला नाही.

आधी नियम सांगतो. लांडग्यानं शेळी किंवा मेंढी मारली, तर राज्य शासन तिच्या बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती देतं. २०२३ मध्ये या भरपाईसाठी राज्यानं वेगळा कायदाही केला, म्हणजे ती मेहेरबानी राहिलेली नाही. घटना ४८ तासांच्या आत वन खात्याला कळवायची आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नाही. वनरक्षक किंवा वनपाल पंचनामा करतो. मृत्यूचं कारण आणि किंमत पशुधन विकास अधिकारी लिहितो. ते काम मी शेकडो वेळा केलं आहे.

त्यातलं एक मला विसरता येत नाही. नोकरीची पाचवी-सहावी साल असेल. उन्हाळ्याच्या दुपारी एका वाड्यावर गेलो. म्हातारीच्या तीन मेंढ्या मारलेल्या. एकीची मागची मांडी फाटलेली, शेपूट तोडलेलं. मला आणखी दोन गावं करायची होती. कुत्र्यानं मारलेल्या जनावरावर अशाच जखमा असतात, पायाला, कानाला, शेपटीला, वेड्यावाकड्या, आणि खाल्लेलं फारसं नसतं. मी उभ्या उभ्या ‘कुत्र्याचा हल्ला’ लिहिलं. म्हातारी काही बोलली नाही. मी गाडीला किक मारली, तेव्हा तिच्या नातवानं तिसऱ्या मेंढीची मान उचलून धरली आणि म्हणाला, “सायेब, हिची मान तर बघा.” मी म्हणालो, बघितली. बघितली नव्हती.

मान बघायची म्हणजे लोकर बाजूला सारून कातडं सोलून बघायची. वरून दाताचं भोक बारीक दिसतं, कधी दिसतही नाही. आत मात्र जिवंतपणी धरलं असेल, तर कातड्याखाली रक्त साकळलेलं असतं, काळंनिळं, हाताला चिकट. मेल्यावर कुणी येऊन खाल्लं असेल, तर तिथलं मांस फिकट राहतं. लांडगा बहुधा नरडं धरतो, मग पोट फोडून खायला लागतो, आणि जमलं तर ओढून नेतो. त्या तीन मेंढ्या लांडग्यानं मारल्या असतील आणि मागाहून कुत्र्यांनी फाडल्या असतील. किंवा नसतीलही. मी सोलून बघितलं नाही, त्यामुळं ते कधीच कळणार नाही. म्हातारीला एक रुपया मिळाला नाही. त्यानंतर सुरी हातात घेतल्याशिवाय मी एकाही पंचनाम्यावर सही केली नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, डॉक्टर आला की त्याला म्हणा, “साहेब, कातडं काढून बघा.” तो तुमचा हक्क आहे. रागावला तरी म्हणा.

आता वाटेवरच्यांसाठी. रात्री मेंढी गेली, की उजाडल्याबरोबर १९२६ या वन खात्याच्या क्रमांकावर फोन लावा. कुठलं गाव, कुठलं शिवार, जवळचं देऊळ किंवा पवनचक्की, जे दिसेल ते सांगा. कुठली हद्द, कुठलं परिक्षेत्र, हे शोधणं तुमचं काम नाही. फोन केल्याची वेळ मोबाईलमध्ये राहते, ती खोडू नका. ४८ तासांचा पुरावा तोच. वाडा पुढं न्यावाच लागणार असेल, तर घरातलं एक माणूस मेंढीजवळ थांबवा. कुत्री आणि कावळे येऊ नयेत म्हणून तिच्यावर काटेरी फांद्या टाका. फोटो काढा, पूर्ण जनावराचा, जखमेचा, आणि मातीत पाऊल उमटलं असेल तर शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून त्या पावलाचा. कोकरू अख्खंच नेलं असेल, तर मागं काही उरत नाही आणि तिथंच सगळ्यात जास्त दावे बुडतात. अशा वेळी ओढल्याची खूण, रक्त, लोकरीचे पुंजके, जे असेल ते सकाळचं ऊन चढायच्या आत टिपून ठेवा. गावच्या पोलीस पाटलाला दाखवून त्याची सही मिळाली तर फार चांगलं.

आटपाडीच्या दादांनाही हेच सांगणं आहे. आणि वाड्याभोवती लुकलुकणारे सौर दिवे लावून बघा. चार-सहा दिवसांनी त्यांची जागा बदलत राहा, नाहीतर लांडगा त्यांना सरावतो. विणारी बकरी आणि कोकरं वाघरीच्या मधोमध घ्या, कडेला नको. पोरं नसतील तर दोन वाडे मिळून एकत्र बसवा, म्हणजे जागणारी माणसं दुप्पट होतात.

तुमच्या पत्रात घटनेची तारीख आणि गाव नाही, बाई. फोन केला होता का, कुणाशी बोलणं झालं, अर्ज कुठल्या कार्यालयात दिला, त्याची पोच आहे का, एवढं लिहून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. तुमचा अर्ज मी स्वतः लिहून देतो. दोन मेंढ्यांची वयं आणि कुठली जात, माडग्याळ की दख्खनी, तेही लिहा. माडग्याळीला बाजारात भाव जास्त आहे आणि पंचनाम्यात जात लिहिली नाही, तर ती साधी मेंढी धरली जाते.